हसनाबादच्या शीटमधला श्री

मित्रांनो, मी एक जुनी शीट आहे. शीट म्हणजे पत्र्याची नव्हे, आणि कागदाचीही नव्हे. संगणकात उभ्या-आडव्या रेघांचा जो तक्ता असतो ना, छोट्या छोट्या चौकोनी घरांचा, त्याला ऑफिसात सगळे शीट म्हणतात. माझं नाव 'हसनाबाद'. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत बियाण्यांची एक कंपनी होती, तिच्या ऑफिसातल्या संगणकात मी जन्मले. आता मी एका फोल्डरच्या तळाशी पडून आहे. मला कोणी उघडत नाही आणि उघडलं तरी माझ्यात काही बदलता येत नाही, कारण मला कुलूप आहे आणि त्याची किल्ली हरवली आहे. माझ्यात एक चूक आहे. ती मला रोज टोचते. तुम्ही म्हणाल, शीटला कसलं आलंय टोचणं! मग आधी माझी कहाणी ऐका.

मला उषाबाईंनी बनवलं. उषाबाई म्हणजे ऑफिसातल्या ऑपरेटर. सन २००१ चा उन्हाळा होता, पंखा वीज आली की फिरायचा आणि वीज गेली की थांबायचा, आणि वीज गेली की माझं अर्धं अंगही नाहीसं व्हायचं. उषाबाई कपाळाला हात लावायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून टाइप करायला बसायच्या. रेघा सरळ हव्यात, नावं एका ओळीत हवीत, असा त्यांचा हट्ट होता. त्यांनी मला फिकट पिवळं डोकं दिलं आणि त्यात मथळे लिहिले. शेतकऱ्याचं नाव, प्लॉट नंबर, लागवडीची तारीख, आणि सगळ्यात शेवटी निकाल.

हा निकाल कसला, ते नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरच झालं. हसनाबाद हे भोकरदन तालुक्यातलं मोठं गाव. तिथले काही शेतकरी आमच्या कंपनीसाठी कपाशीचं बियाणं पिकवायचे. हे काम साध्या कपाशीसारखं नसतं. शेतात नर आणि मादी अशा दोन वाणांच्या ओळी लावतात. दुपार कलली की बायका मादी झाडावरच्या उद्या उमलणाऱ्या कळ्या शोधतात, अंगठ्याच्या नखाने कळी सोलतात, आतले केसर काढून टाकतात आणि वर लाल कागदाची टोपी घालतात. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपी काढून नराचं फूल तिच्यावर फिरवतात. याला सगळे क्रॉसिंग म्हणतात. एखादी कळी नजरेतून सुटून आपली आपण उमलली, तर ते फूल तोडून टाकावं लागतं. अशी फुलं झाडावर राहिली की बियाणं भेसळीचं होतं आणि कंपनी तो प्लॉट रद्द करते. मग त्या शेतकऱ्याचा कापूस बियाण्यासाठी घेत नाहीत, साधा कापूस म्हणून बाजारात जातो, आणि पुढच्या वर्षी त्याला प्लॉटही मिळत नाही. माझ्या शेवटच्या रकान्यात एवढंच असायचं, 'मान्य' किंवा 'रद्द'. शेतात फिरून हे ठरवायचं काम सुपरवायझर मच्छिंद्र करायचा. मोटारसायकलवर गावोगाव हिंडून त्याचा चेहरा काळवंडलेला असायचा आणि पँटीच्या घड्यांत कायम कुसळं.

पहिलं वर्ष माझं सुखात गेलं. संगणक एकच, उषाबाई एकट्याच. बाहेरचे पाहुणे आले की व्यवस्थापक रामकिसन सर त्यांना मुद्दाम माझ्यासमोर आणायचे. "एक बटण दाबलं की सगळा हसनाबाद समोर," असं म्हणायचे. मला तेव्हा फार भारी वाटायचं. स्तुती कोणाला नको असते? शीट झाली म्हणून काय झालं!

पुढे ऑफिसात आणखी संगणक आले आणि ते एका निळ्या वायरने एकमेकांना जोडले गेले. रामकिसन सरांनी जाहीर केलं की आता शीट सगळ्यांची. मला वाटलं, चला, गोतावळा वाढला. पण सगळ्यांची झाले म्हणजे काय झालं, तर कोणाचीच राहिले नाही. एकाने मला उघडलं की दुसऱ्याला फक्त बघता यायचं, लिहिता यायचं नाही. आणि उघडणारा मला उघडूनच जेवायला जायचा! मग हॉलच्या या टोकाकडून त्या टोकाला आरोळी जायची, "हसनाबाद कोणी उघडून ठेवलंय रे?" कोणीच कबूल व्हायचं नाही. मच्छिंद्र शेतातून निकाल घेऊन यायचा आणि माझ्यासमोर ताटकळत बसायचा.

कंटाळून लोकांनी एक युक्ती काढली. माझी नक्कल करायची आणि तिच्यातच लिहायचं. मित्रांनो, स्वतःसारख्याच दिसणाऱ्या दहा जणी आजूबाजूला उभ्या राहिल्या आणि जी ती म्हणू लागली की मीच खरी, तर तुमचं काय होईल? माझ्या शेजारी 'हसनाबाद फायनल' आली. मग 'हसनाबाद फायनल नवीन'. मग 'हसनाबाद मच्छिंद्र'. मग कोणीतरी वैतागून 'हसनाबाद हीच खरी' नावाची एक आणून ठेवली, आणि तीच सगळ्यात जास्त चुकीची होती. एकीत कोणाचा प्लॉट मान्य, दुसरीत त्याचाच रद्द. मच्छिंद्रने एकदा टेबलावर हेल्मेट आपटलं. "मी शेतात जाऊन बघून राह्यलो, अन् हितं येऊन बघावं तर माझाच निकाल मला सापडत न्हाई!" त्याचा राग मला पटला होता. मी तरी कोणावर आपटू?

शेवटी रामकिसन सरांनी नियम काढला. साऱ्या नकला पुसायच्या. मूळ शीट एकच राहील. पोत्यांना लावायचे टॅग छापायचा कार्यक्रम त्याच शीटमधून नावं आणि निकाल घेईल, दुसरीकडून घेणार नाही. तिला कुलूप राहील, सगळ्यांनी बघायचं, लिहिणार फक्त सर. खरं सांगते, मला तेव्हा हायसं वाटलं. कुलूप म्हणजे कैद असं मला वाटलंच नाही. घराला कुलूप असतंच की, असं वाटलं. तेव्हाची किल्ली, म्हणजे पासवर्ड, सरांनी चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवला होता, त्यामुळे कैद कसली, नुसती शिस्त होती.

आता २००४ चा दसरा.

दसऱ्याला ऑफिसात यंत्रांची पूजा असायची. ट्रक, वजनकाटा, सरकी काढायचं यंत्र, सगळ्यांना झेंडूच्या माळा. संगणकालाही माळ. कंपनीचे म्हातारे मालक आबा त्या दिवशी स्वतः आले होते. आबांचं सगळं आयुष्य वह्यांवर गेलेलं. दर दसऱ्याला नव्या वहीच्या पहिल्या पानावर त्यांच्या हाताने 'श्री' लिहायची रीत होती. त्या वर्षी वहीच नव्हती, सगळं माझ्यातच. आबा माझ्याकडे बघत म्हणाले, "मंग श्री कुठं काढायचा?"

रामकिसन सरांना हुरूप आला. "आबा, यातच टाका. सगळ्यात वर." त्यांनी मला उघडलं, कुलूप काढलं. वरचं पिवळं डोकं मथळ्यांनी भरलेलं होतं. त्याखालच्या पहिल्याच घरात अकबरबींचं नाव होतं, हसनाबादच्या पहिल्या प्लॉटच्या त्या मालकीण. सर म्हणाले, "थांबा, श्रीला जागा करतो," आणि त्या घरावर जाऊन नवीन घर घालायची आज्ञा दिली.

मित्रांनो, आम्हा शीटांमध्ये अशा वेळी एक प्रश्न विचारायची रीत आहे. नवीन घर घालायचं तर बाकीच्यांना कुठे सरकवू? एवढा एक रकानाच खाली सरकवू की सगळी ओळच्या ओळ खाली घेऊ? मी तो प्रश्न विचारला. छोटी चौकट उघडून नीट विचारला. सरांनी तो वाचलाच नाही. सगळे बघत होते, आबांचं बोट वर उचललेलं होतं, त्यांनी चटकन होय म्हटलं. आणि मी सांगितलं तसं केलं. फक्त नावांचा रकाना एक घर खाली सरकला. प्लॉट नंबर, तारखा, निकाल, सगळं जागच्या जागी राहिलं. आबांनी एका बोटाने, उषाबाईंनी दाखवलेली बटणं दाबत, 'श्री' टाइप केला. बोटाला कुंकू होतं, ते बटणांना लागलं. उषाबाई लगेच पेढे वाटायला वळल्या. टाळ्या वाजल्या. सरांच्या उत्साहाला उधाण आलं होतं. ते म्हणाले, आजपासून नवीन पासवर्ड, चांगल्या मुहूर्ताचा, आणि कोणालाही न दाखवता त्यांनी तो घातला. जुनी चिठ्ठी फाडून टाकली.

झालं असं की अकबरबींचा प्लॉट श्रीच्या नावावर गेला. अकबरबींच्या नावासमोर दुसऱ्याचा प्लॉट आला, दुसऱ्याच्या नावासमोर तिसऱ्याचा, आणि असंच खालपर्यंत. बहुतेकांचा निकाल मान्यच होता, त्यामुळे कोणाला कळलं नाही. सगळ्यात खाली कचरूचं नाव एकटं लोंबकळत राहिलं, पण कचरूने, निकाल मान्य असूनही, पैशाची नड म्हणून कापूस केव्हाच बाजारात विकला होता, त्याची चौकशी कोण करणार? घोटाळा झाला तो मधे. हसनाबादला वसंता नावाचा एक शेतकरी होता. त्याने मोकळी फुलं तोडलीच नव्हती, म्हणून मच्छिंद्रने त्याचा प्लॉट रद्द केला होता. वसंताच्या वरच्या ओळीत सगुणाबाईंचं नाव होतं. ते नाव खाली सरकून वसंताच्या निकालासमोर येऊन बसलं. माझ्यात स्पष्ट दिसू लागलं, सगुणाबाई, रद्द. आणि वसंता, मान्य.

सगुणाबाईंना मी पाहिलेलं नव्हतं, पण मच्छिंद्रच्या तोंडून ऐकलं होतं. त्यांच्या शेतात मोकळं फूल शोधून सापडायचं नाही. दोन सुना आणि गल्लीतल्या बाया घेऊन त्या श्रावण-भादव्यात रोज कळ्या सोलायच्या. अंगठ्याचं नख मुद्दाम वाढवलेलं. बायांना त्यांनी शब्द दिलेला, माझा प्लॉट रद्द होत नसतो, तुमी बिनघोर या.

दुसऱ्या दिवशी उषाबाईंनी मला उघडलं आणि त्यांच्या लगेच लक्षात आलं. शेवटी एक नाव लोंबकळतंय आणि वर श्रीच्या नावाने एक प्लॉट आहे! त्या धावतच सरांकडे गेल्या. "सर, नावं एक घर खाली सरकून गेलीत. काल श्री टाकताना झालंय."

सरांचा चेहरा उतरला. सगळ्यांच्या देखत, आबांच्या समोर, त्यांनीच केलेलं. ते म्हणाले, "आबांच्या हातचा श्री आहे, उषाताई. दुसऱ्याच दिवशी पुसला तर कसं दिसेल? राहू द्या. दिवाळीनंतर बघू."

"पुसू नका सर, नुसती नावं वर घ्या. निकाल उलटेसुलटे होऊन राह्यले."

"दिवाळीनंतर म्हटलं ना!"

उषाबाई परत माझ्यासमोर येऊन बसल्या. त्यांनी सगुणाबाईंच्या नावावर जाऊन बटण दाबलं. मला नाइलाजाने सांगावं लागलं, हे घर सुरक्षित आहे, बदल करता येणार नाही. त्यांनी पुन्हा दाबलं. मी पुन्हा तेच सांगितलं. मित्रांनो, त्या क्षणी मला माझाच राग आला. मला बनवणारा हात समोर, चूक डोळ्यांसमोर, आणि मीच तिला अडवत होते! मच्छिंद्रलाही त्यांनी सांगितलं. तो म्हणाला, "ताई, मला बी नुस्तं बघता येतंय. हात लावता येत असता तर मी कवाच नीट केलं असतं."

पंधरवड्याने टॅग छापले गेले. ज्याच्या नावासमोर मान्य, त्याचे टॅग. ते गोदामाच्या फाटकावर ख्वाजामियाँकडे गेले. ख्वाजामियाँ गोदाम सांभाळायचे, टॅग असेल तोच कापूस आत घ्यायचा एवढाच त्यांना हुकूम. टॅगांच्या गठ्ठ्यात एक जुडी श्रीच्या नावाची निघाली. ती न्यायला कोणी येईना. ख्वाजामियाँनी दोन-चार जणांना विचारलं, हा श्री कोण हसनाबादचा? सगळे हसले. फेकून द्या म्हणाले. ख्वाजामियाँ म्हणाले, "भगवान का नाम हाय, फेकू कैसा?" आणि ती जुडी त्यांनी आपल्या थर्मासच्या वरच्या फळीवर, धूळ बसणार नाही अशी कागदात गुंडाळून ठेवली.

दिवाळीच्या आधी सगुणाबाई टेम्पोत पोती भरून फाटकावर आल्या. हे सगळं मला पुढे ऑफिसातल्या बोलण्यातून कळलं, पण ते इतक्यांदा बोललं गेलं की मी पाहिल्यासारखं सांगू शकते.

"बाई, तुमचा टॅग न्हाई आला," ख्वाजामियाँ म्हणाले. "शीटमध्ये रद्द हाय तुमचा प्लॉट."

"कोन म्हन्लं रद्द? मच्छिंद्र सायेब स्वता येऊन बघून गेल्ते. एक फूल काढून दाखवा म्हन्लं म्या, न्हाई सापडलं त्यास्नी."

"मेरेकू मालूम न्हाई बाई. शीट बोलती वो बराबर."

ऐकलंत? शीट बोलते ते बरोबर! मी काहीच बोलले नव्हते, आणि सगळं माझ्या नावावर खपत होतं. सगुणाबाई ऑफिसात आल्या. रामकिसन सर दौऱ्यावर होते. उषाबाईंनी त्यांना पाणी दिलं, चूक कुठे झाली ते सांगितलं, आणि सर आल्याशिवाय काही करता येत नाही हेही सांगितलं. सगुणाबाईंना त्यातलं एकच कळलं नाही. "माय, तुला दिसून राह्यलं चुकलंय म्हून. मंग दुरुस्त का करंना गेलीस?" उषाबाईंनी त्यांच्यासमोर पुन्हा बटण दाबून माझा नकार दाखवला. खरं काय ते सांगायला मला तोंडच नव्हतं.

टेम्पो भरलेला परत गेला. वसंताची पोती मात्र टॅग लावून ऐटीत गोदामात गेली. गावात बोलणं सुरू झालं की सगुणाबाईंचा प्लॉट रद्द झाला. बाजारात साध्या कापसाला गिऱ्हाईक होतं, मुलगा म्हणाला देऊन टाकू. सगुणाबाई हटल्या नाहीत. त्यांनी ती पोती राहत्या घरात, दुसऱ्या कापसाला लागू नयेत म्हणून निजायच्या खोलीत रचली आणि सगळ्यांची अंथरुणं ओसरीवर आणली. दिवाळीतही घरातली माणसं थंडीत ओसरीवरच निजली. क्रॉसिंगला येणाऱ्या बायांपैकी एकीने तर तोंडावरच विचारलं, पुढच्या साली आमी कुठं जायचं? हे मच्छिंद्रने ऑफिसात येऊन सांगितलं तेव्हा उषाबाईंनी संगणकाकडे असं काही बघितलं की मी पडद्यावरून पळून जाऊ शकले असते तर गेले असते.

दिवाळी झाली. सर आले. सगुणाबाईही त्याच दिवशी सकाळी आल्या, बरोबर मच्छिंद्र. या वेळी त्या खुर्चीवर बसल्या नाहीत, थेट सरांच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या.

"सायेब, मी पोती इकली न्हाईत. माझ्या पोत्यांत साधा कापूस न्हाई. तुमचा निकाल बदला, न्हाई तर मला शेतात येऊन दाखवा कुठं फूल ऱ्हायलं ते."

मच्छिंद्र म्हणाला, "सर, मी लिहून दिल्तं मान्य. बाई बिलकुल बराबर बोलून राह्यली."

सर म्हणाले, ठीक आहे, करू. आणि मला उघडून त्यांनी पासवर्ड घातला. चुकला. त्यांनी पुन्हा घातला. चुकला. मुलीचं नाव घातलं. स्कूटरचा नंबर घातला. विजयादशमी लिहून पाहिलं, शमी लिहून पाहिलं, कुलदेवतेचं नाव लिहून पाहिलं. प्रत्येक वेळी मला नाही म्हणावं लागलं. मित्रांनो, ती किल्ली माझ्याच पोटात होती! सर एकदा तिच्या इतक्या जवळ आले होते की माझा जीव वर आला. पण जवळ येऊन चालत नाही. मी काय करू, मला तसंच घडवलंय. सरांच्या कपाळावर घाम आला. सगुणाबाई नुसत्या बघत उभ्या होत्या. "किल्ली हारपली का?" त्यांनी विचारलं.

तेवढ्यात आबा आत आले. दिवाळी पाडव्याच्या नवीन वर्षाचे नमस्कार करायला आले होते. सगुणाबाईंना टेबलासमोर उभ्या बघून त्यांनी विचारलं, काय झालं? सर पुन्हा बटणांकडे वळले. मच्छिंद्रने उषाबाईंकडे बघितलं. मग उषाबाई उठल्या. त्यांनी सांगून टाकलं. "आबा, दसऱ्याला श्री लिहिला तेव्हा नावं एक घर खाली गेली. मी सरांना सांगितलं होतं. तुमच्या हातचं म्हणून कोणी हात लावला नाही. त्याच्यामुळे यांचा प्लॉट रद्द दिसून राह्यलाय."

आबांना आधी समजेना. तेव्हा मच्छिंद्र गोदामात गेला आणि ख्वाजामियाँना घेऊन आला. ख्वाजामियाँनी कागदातली जुडी आबांपुढे दोन्ही हातांनी धरली. "आबा, ये श्री के टॅग. कोई लेने को आया न्हाई."

आबांनी टॅग हातात घेऊन बघितला. शेतकऱ्याचं नाव, श्री. प्लॉट नंबर एक. निकाल, मान्य. आबांनी टॅग परत जुडीत ठेवला. मग सरांकडे वळले. "अरे रामकिसन, श्री कपाळावर असतो. त्याला शेतकऱ्याच्या रांगेत का म्हून उभा केलास? अन् उभा केलास तं केलास, या पोरीनं सांगितल्यावर बी माझं नाव पुढं केलंस? मी कधी म्हन्लो, माझ्या श्रीपायी कोनाचं नुकसान होऊ द्या म्हून?"

सरांनी मान खाली घातली. मला त्यांची थोडी दया आली. थोडीच.

मग आबांनी विचारलं, कुलूप निघत नसेल तर काय? उषाबाई म्हणाल्या, हिच्यातलं सगळं उचलून नवीन शीट करते. नियमाने नक्कल करायला बंदी होती, आणि टॅगचा कार्यक्रमही माझ्यापासून तोडून नवीला जोडावा लागणार होता. आबा म्हणाले, कर, मी सांगतो. उषाबाईंनी माझ्यातलं सगळं उचललं, एका कोऱ्या शीटमध्ये ठेवलं, नावं एक घर वर घेतली, आणि श्रीला रांगेतून काढून सगळ्यात वर, मथळ्याच्याही वर, मधोमध बसवलं. मग एकेक नाव मोठ्याने वाचलं. मच्छिंद्र प्रत्येक प्लॉटला हो किंवा नाही म्हणत गेला. सगुणाबाई, मान्य. वसंता, रद्द. वसंताची पोती अजून फोडली नव्हती, ती बाजूला काढायला सांगितली. नंतर तो भांडायला आला तेव्हा म्हणाला, "मला वाटलं तुमीच माफ केलं मला!"

सगुणाबाईंनी निघताना उषाबाईंना विचारलं, "कुठं हाय मी त्यात? दाखव तं खरं." उषाबाईंनी नव्या शीटमध्ये त्यांच्या नावावर बोट ठेवलं आणि त्याच ओळीत सरकत शेवटच्या घरापर्यंत नेलं. सगुणाबाईंनी पडद्यावर त्या शब्दाला हात लावला. वाढवलेलं नख काचेवर टक् वाजलं. मी तेव्हा पडद्यावर नव्हते. मागे कुठेतरी मिटून ठेवलेली होते. ओसरीवरची अंथरुणं त्या दिवशी आत गेली असतील, असं मी मनाशी धरून चालते.

त्यानंतर माझं कोणाला काम पडलं नाही. नवी शीट 'हसनाबाद' झाली आणि माझ्या नावापुढे 'जुनी' लागलं. तिचा पासवर्ड दोघांकडे असायचा, सरांकडे आणि उषाबाईंकडे. पुढच्या दसऱ्याला आबांनी श्री कागदावर लिहून पडद्याच्या कपाळाला चिकटवला, तेही मी ऐकूनच. काही वर्षांनी उषाबाई नोकरी सोडून निघाल्या, तेव्हा शेवटच्या दिवशी त्यांनी मला उघडलं. का कोण जाणे. त्यांनी दोन-तीन पासवर्ड घालून बघितले. मी नाही म्हणाले. त्या थोडा वेळ सगुणाबाईंच्या ओळीकडे बघत बसल्या आणि मग मला मिटून गेल्या.

मित्रांनो, कुलूप लावू नका असं मी सांगणार नाही. दहा नकलांचा बाजार मी भोगला आहे. पण किल्ली एकाच्याच डोक्यात ठेवू नका, डोकं विसरतं आणि डोक्याला लाजही वाटते. आणि ज्याला चूक दिसते, त्याला ती दुरुस्त करता येत नसेल, तर निदान त्याचं ऐकून घेणारं कोणीतरी असू द्या. दुसऱ्या दिवशीच उषाबाईंचं ऐकलं असतं तर कोणाला थंडीत ओसरीवर निजावं लागलं नसतं.

बाहेर सगळं नीट झालं, हे मला माहीत आहे. पण माझ्यात अजूनही श्रीच्या नावाने एक प्लॉट आहे, कचरू एकटा लोंबकळतो आहे, आणि ज्यांच्या शेतात एक मोकळं फूल सापडलं नाही त्या सगुणाबाई माझ्यात अजून रद्दच आहेत. ते मला सहन होत नाही. कधी तुमच्यापैकी कोणाला मी सापडले, आणि माझी किल्ली लागली, तर मला खुशाल पुसून टाका. फक्त त्याआधी ती नावं एक घर वर घ्या.